अडलं कुठे?

गेल्या ज्येष्ठात एक मुलगी वही घेऊन दारात उभी राहिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. धारूरच्या पुढच्या एका वाडीवरून सकाळच्या एसटीने आली होती आणि दुपारच्या एसटीने तिला परतायचे होते, म्हणून बसायच्या आधीच बोलू लागली, "सर, एकाच गणिताचे दोन उत्तरं यायलेत. दोन्ही बी बरोबर वाटायलेत. मग खरं कोणतं?"

मी वही पाहिली. क्षेत्र साधे होते. एका बिंदूपासून सगळीकडे बाहेर जाणारे आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाणारे. एकट्या विद्युतभाराचे क्षेत्र असेच असते. वहीच्या डाव्या पानावर तिने त्या क्षेत्राचा डायव्हर्जन्स काढला होता. उत्तर शून्य. उजव्या पानावर त्या बिंदूभोवती एक गोल कल्पून त्याच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण प्रवाह मोजला होता. उत्तर 'पाय'ची चौपट, म्हणजे सुमारे १२.५७. गाउसचा सिद्धांत सांगतो की गोलाच्या आत सगळीकडच्या डायव्हर्जन्सची बेरीज केली तर ती पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाइतकीच भरली पाहिजे. डावीकडे शून्य आणि उजवीकडे साडेबारा कसे होतील? तिने दोन्ही आकडेमोडी पुन्हा पुन्हा तपासल्या होत्या. खोडरबराने कागद जागोजागी पातळ झाला होता.

तीस वर्षांहून अधिक काळ मी भौतिकशास्त्र शिकवले. इतका नेमका प्रश्न त्या काळात मला फार थोड्यांनी विचारला. बहुतेक मुले येतात ती "सर, हे गणित येत नाही" एवढेच घेऊन. या मुलीला गणित येत होते. दोन वाटांनी ते तिने पुरे केले होते आणि दोन वाटा जिथे भेटायला हव्या होत्या तिथे त्या भेटल्या नाहीत, हे तिने स्वतः ओळखले होते. अडचण तिच्या बोटाखाली होती. तिला उत्तर कसे सापडले ते पुढे सांगतो. ती एसटीने गेल्यावर मी जे लिहायला बसलो, त्याची ही पुस्तिका झाली.

पुस्तिकेचा विषय सदिश कलन. भौतिकशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याची इथे पहिली मोठी दमछाक होते, आणि त्याला कारणे आहेत. बारावीपर्यंत सदिश म्हणजे एक बाण असतो: त्याला लांबी असते, दिशा असते, दोन बाणांची बेरीज करता येते. विकलन आणि संकलन हे दुसऱ्या पुस्तकात, दुसऱ्या सरांकडे असते. पदवीला आल्यावर एका आठवड्यात दोन्ही एकत्र येतात. आता बाण एक नसतो. प्रत्येक बिंदूवर एक असे अगणित बाण असतात, आणि एका बाणापासून शेजारच्या बाणापर्यंत जाताना काय बदलले हे विचारायचे असते. त्यात फळ्यावर उलटा त्रिकोण येतो. त्याला सगळे 'डेल' म्हणतात. तो कधी ठिपक्यासह येतो, कधी फुलीसह, कधी एकटाच. आपल्याकडच्या मुलांना हे सारे इंग्रजीतून ऐकावे लागते. त्यातही ज्यांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्यातली काही कोयत्याबरोबर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परततात. तोवर वर्गात हा भाग होऊन गेलेला असतो. त्यांच्या हाती उरते ती कोणाची तरी उतरवून घेतलेली वही. त्या वहीत उत्तरे असतात. अडखळलेल्या जागा नसतात.

शब्दांविषयी आधीच सांगतो. सदिश, अदिश, क्षेत्र, विकलन, संकलन हे मराठी शब्द मी वापरले आहेत, कारण ते आपल्या कानाला सरावले आहेत. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल हे तीन शब्द तसेच ठेवले आहेत. परीक्षेत तेच येतात आणि मुले आपसांत बोलताना तेच म्हणतात. त्यांचा अर्थ मात्र मी मराठीत आणि धारूरच्या मातीत शोधला आहे. त्यातला थोडा इथेच उलगडतो.

तेलगावकडून धारूरला येताना घाट लागतो. अरुंद, वळणावळणाचा. बालाघाटाच्या उतारावर प्रत्येक ठिकाणाला समुद्रसपाटीपासूनची एक उंची आहे. उंची हा नुसता आकडा, म्हणून ते अदिश क्षेत्र. आता कुठेही उभे राहा आणि विचारा, इथून सगळ्यात खडा चढ कोणत्या दिशेला आहे आणि तो किती आहे? त्या दिशेला तेवढ्या लांबीचा जो बाण काढाल, तो ग्रेडियंट. शाळेच्या भूगोलात समोच्च रेषा पाहिल्या असतील. ग्रेडियंट त्या रेषांना काटकोनात असतो. पावसाचे पाणी त्याच्या बरोबर उलट दिशेने उतरते. घाटाचा रस्ता बांधणाऱ्याला तो बाण टाळावा लागतो. समजा, सरळ वर चढताना डोंगर दर ५ मीटरला १ मीटर उंचावतो आणि रस्ता मात्र दर २० मीटरला १ मीटरच चढला पाहिजे. मग रस्त्याने सर्वात खड्या चढाशी किती कोन ठेवावा? त्या कोनाचा कॉस १ भागिले ४ येतो, म्हणजे कोन सुमारे साडेपंचाहत्तर अंशांचा. रस्ता डोंगराला जवळजवळ आडवा जातो तो यामुळे, आणि दिशा बदलायची वेळ आली की वळण येते. ज्याला घाटात एसटीची खिडकी मिळाली आहे त्याने ग्रेडियंट पाहिलेला आहे.

घाट चढून गावात आलात की किल्ल्यावर जा. आदिलशाही सरदार किश्वरखानाने सोळाव्या शतकात बांधून घेतलेला हा किल्ला आहे. तटाच्या कडेने पूर्ण फेरी मारा आणि निघालात त्याच दगडाशी परत या. वाटेत कितीही चढलात, कितीही उतरलात, तरी चढ आणि उतार यांची बेरीज शून्य. उंचीच्या ग्रेडियंटचे कोणत्याही बंद वाटेवरचे संकलन शून्य येते, हे वाक्य पुस्तकात रुक्ष वाटते. तटावरून चालताना त्यात शंका घ्यायला जागा राहत नाही. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले काम वाटेवर अवलंबून नसते ते याच कारणाने. बालाघाटाच्या उत्तर उतारावरचे पाणी गोदावरीकडे जाते, दक्षिणेचे मांजरेकडे, आणि मांजरा पुढे गोदावरीलाच मिळते. दोन थेंब माथ्यावर शेजारी पडले आणि वेगवेगळ्या वाटांनी त्याच संगमाला पोचले, तरी दोघांची उंची सारखीच कमी झालेली असते.

डायव्हर्जन्ससाठी शेतात चला. वाफ्यावाफ्यांनी पाणी भरते आहे. एक छोटा वाफा घ्या आणि त्याच्या चारी बाजूंनी बाहेर जाणारे पाणी मोजा, आत येणारे वजा करा. बाहेर जास्त जात असेल तर वाफ्यातच कुठे झरा आहे. कमी जात असेल तर जमीन पाणी पिते आहे. वाफा लहान लहान करत एका बिंदूपर्यंत आणला की दर एकक आकारमानाचा तो हिशेब म्हणजे डायव्हर्जन्स. आता शेजारचा वाफा घ्या. पहिल्यातून मधल्या वरंब्यावरून जे बाहेर गेले, तेच दुसऱ्यात आत आले. दोन्ही वाफ्यांचा हिशेब एकत्र केला की मधला वरंबा खोडला जातो. असे साऱ्या शेताचे वाफे मिळवत जा. आतले सगळे वरंबे खोडले जातात आणि शिल्लक राहतो तो फक्त बाहेरचा बांध. आतल्या सगळ्या झऱ्यांची बेरीज बांधावरून बाहेर पडलेल्या पाण्याइतकी. हाच गाउसचा सिद्धांत, आणि त्याच्या सिद्धतेचा गाभाही हाच. दारं धरणाऱ्या माणसाला हे नव्याने सांगावे लागत नाही.

कर्ल समजायला जरा अवघड, कारण इथे डोळा फसतो. पाटाचे पाणी सरळ वाहत असते. त्यावर काठाजवळ एक पान सोडा. पान पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरते, कारण मधले पाणी वेगाने जाते आणि काठाचे मातीला घासून सावकाश. प्रवाह सरळ, तरी कर्ल आहे. याच्या उलट, गोल फिरणाऱ्या प्रवाहाचा एक प्रकार असा आहे की मध्यापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात वेग कमी होतो. त्यात सोडलेले पान मध्याभोवती चक्कर मारते, पण त्याचे टोक कायम एकाच दिशेला राहते. तिथे मध्यबिंदू वगळता कर्ल शून्य. म्हणून 'कर्ल म्हणजे गोल फिरणे' अशी व्याख्या पाठ करणारा विद्यार्थी हमखास चुकतो. पान स्वतःभोवती फिरते का, एवढेच विचारायचे.

आता त्या मुलीच्या गणिताकडे येऊ. मी तिला उत्तर सांगितले नाही. ओसरीवर एक दिवा टांगलेला होता. तिला विचारले, "हा लावला तर त्याचा उजेड हवेत कुठे वाढेल का?" ती म्हणाली, "नाही." "मधल्या हवेत कुठे मरेल का?" "धूर-धुकं नसलं तर नाही." "मग दिव्याभोवती कितीही मोठा गोल घेतला, तरी त्यातून बाहेर पडणारा उजेड?" "तेवढाच." गोल मोठा झाला की त्याचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढते आणि उजेडाची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. गुणाकार तोच राहतो. उजव्या पानावरचे 'पाय'ची चौपट हे उत्तर बरोबर होते. "मग उजेड येतो कुठून?" यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग डावे पान ओढून तिने तिथल्या एका ओळीवर पेन्सिल ठेवली. त्या ओळीत अंतराच्या वर्गाने भाग दिलेला होता. "सर, अंतर शून्य असलं तर इथं भागाकारच करता येत नाही."

तिथेच उत्तर होते. डायव्हर्जन्स शून्य आहे तो सगळीकडे, एका बिंदूखेरीज. त्या एका बिंदूवर तिने केलेली आकडेमोड लागूच पडत नाही, आणि सगळा उगम नेमका तिथेच गोळा झालेला आहे. जिथे काहीच आकारमान नाही अशा जागी संपूर्ण बेरीज साठवणारी ही वस्तू पॉल डिरॅक याने १९३० च्या पुस्तकातून भौतिकशास्त्राच्या रोजच्या वापरात रूढ केली. आज तिला डिरॅकचे डेल्टा फल म्हणतात. बिंदूभाराची घनता लिहायची ती तशीच. मुलगी ज्याला आपली चूक समजून खोडत होती, ती विषयाच्या पुढच्या दालनाची चौकट होती. ही गोष्ट मी पुस्तिकेत पहिली ठेवली आहे, कारण अडलेली जागा म्हणजे कमीपणा नव्हे हे त्याहून चांगले मला सांगता येणार नाही.

मला स्वतःला हे फार उशिरा कळले. मी विद्यार्थी असताना एका परीक्षेत अर्धगोलावरून कर्लचा प्रवाह काढायला आला होता. अर्धगोलाच्या वक्र पृष्ठभागावर संकलन करत मी पाऊण तास घालवला आणि शेवटी चिन्हात घोटाळा करून बसलो. स्टोक्सचा सिद्धांत मला तोंडपाठ होता. पण त्याचा अर्थ असा आहे की दुरडी उथळ असो की खोल, तिचा काठ तोच असेल तर कर्लचा प्रवाह तोच, हे मला कोणी दाखवले नव्हते आणि मी विचारले नव्हते. अर्धगोलाऐवजी त्याच काठावरची सपाट चकती घेतली असती तर गणित तीन ओळींचे होते. विचारले का नव्हते? कारण वर्गात एकदा एकाने "सर, हा बाण बाहेर का दाखवायचा?" असे विचारले आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. त्या दिवसानंतर आमच्या वर्गात कोणी प्रश्न विचारला नाही. त्या मुलाचा प्रश्न पृष्ठभागाच्या लंबाच्या दिशेचा होता, आणि माझे चिन्ह परीक्षेत चुकले ते नेमके तिथेच.

पुढे या विषयाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. हे गणित एकमेकांना विचारत विचारत उभे राहिले आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ जॉर्ज ग्रीन नावाचा पिठाच्या गिरणीवाला होता. शाळा त्याला जेमतेम वर्षभर मिळाली होती. १८२८ मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्व यांच्या गणितावर एक निबंध वर्गणी गोळा करून छापला. घेणारे सुमारे पन्नास, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो कळण्यासारखा नव्हता. त्यांपैकी एक, सर एडवर्ड ब्रॉमहेड, याला त्याची किंमत कळली. त्याने पुढील लेखन मोठ्या संस्थांकडे पोचवायला मदत करीन असे ग्रीनला लिहिले. हा निव्वळ शिष्टाचार आहे, मनावर घेऊ नकोस, असे ग्रीनला कोणीतरी सांगितले, आणि त्याने जवळजवळ दोन वर्षे उत्तर पाठवले नाही. शेवटी १८३० मध्ये संकोच सोडून त्याने पत्र लिहिले, तेव्हा कुठे दार उघडले. वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १८४१ मध्ये गेला. त्याचा निबंध १८४५ मध्ये विल्यम थॉमसन या तरुणाच्या हाती लागला आणि मग युरोपभर पोचला. आज ज्याच्या नावाचा सिद्धांत आपण शिकतो, त्याची दोन वर्षे 'विचारू की नको' यात गेली. घाट चढून गावात येणाऱ्या आणि सरांच्या दारापर्यंत येऊन माघारी फिरणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

स्टोक्सचा सिद्धांत तर पत्राच्या ताज्या कलमात जन्मला. हाच थॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला, त्याने जुलै १८५० मध्ये जॉर्ज स्टोक्स या मित्राला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो नोंदवला. स्टोक्सने १८५४ च्या केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत तो प्रश्न म्हणून घातला. परीक्षेला बसलेल्यांत बावीस वर्षांचा जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता आणि ते पारितोषिक त्याला दुसऱ्या एकाबरोबर विभागून मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मॅक्सवेलने थॉमसनला पत्र लिहिले. विजेचे प्रयोग पाहिलेले आहेत, पण विषयात खोल शिरायचे तर वाचन आणि अभ्यास कुठून आणि कोणत्या क्रमाने करावा, असे त्याने सरळ विचारले. मॅक्सवेलने ते विचारले तेव्हा त्याच्या हाती नुकतीच मिळालेली पदवी होती आणि विजेत त्याचे काहीच काम नव्हते. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, सहासष्ट वर्षांच्या मायकेल फॅरडेने मॅक्सवेलला पत्र घातले. फॅरडेचा गणिताचा अभ्यास नव्हता. बांधणीच्या दुकानात पुस्तके शिवता शिवता तो शिकला होता. गणिताने तुम्ही जे निष्कर्ष काढता, ते आम्हाला प्रयोगासाठी वापरता येतील अशा साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का, अशी त्याची विनंती होती. चुंबकीय क्षेत्राची कल्पना ज्याने जगाला दिली तो माणूस आपल्याहून चाळीस वर्षांनी लहान माणसाला विचारत होता. मॅक्सवेलने पुढे विजेवर लिहिलेल्या ग्रंथाची किचकट मांडणी तारायंत्रावर काम केलेल्या ऑलिव्हर हेविसाइडने आजच्या चार समीकरणांत आणली. सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती आणि तो ग्रंथ समजून घ्यायला त्याला अनेक वर्षे लागली. अमेरिकेत गिब्ज नावाचा शास्त्रज्ञ सदिशांची तीच भाषा स्वतंत्रपणे घडवत होता. १८८१ मध्ये त्याने आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका खासगीरीत्या छापून घेतली. त्या पुस्तिकेपासूनच आपल्या आजच्या पाठ्यपुस्तकांतली चिन्हे आली आहेत.

स्मिथ पारितोषिकाचे नाव आले म्हणून आपल्या माणसाविषयी. हेच पारितोषिक १९६२ मध्ये जयंत नारळीकरांना मिळाले. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर बनारसला वाढले. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथे हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात त्यांनी मोरूमामांची आठवण सांगितली आहे. मामा त्यांच्याकडे राहून एम.एस्सी. करत होते. घरातल्या फळ्यावर ते भाच्यासाठी एक आव्हानाचे गणित लिहून ठेवत, आणि भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते गणित तिथेच राही. मला यातले मामांचे थांबणे फार मोलाचे वाटते. त्यांना उत्तर माहीत होते. तरी त्यांनी ते फळ्यावर लिहिले नाही. ज्याच्या घरात असा मामा असतो त्याचे भाग्य थोर. ज्याच्या घरात नसतो त्याला गावाने मामा द्यायला हवा.

आणि गावाने तो दिलाही आहे, फार जुन्या काळापासून. गोदावरीकाठचे पाथरी, जुने पार्थपूर, धारूरपासून फार दूर नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या ज्ञानराजाने 'सिद्धांतसुंदर' हा ज्योतिषाचा ग्रंथ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि लीलावतीवर टीका लिहिल्या. भास्कराचार्यांनी लीलावती ११५० मध्ये लिहिली ती प्रश्न विचारत विचारत. वाचणाऱ्याला संबोधून, सांग पाहू, असे म्हणत. जवळपास चारशे वर्षांनी त्यातल्या अडचणीच्या जागांवर बोट ठेवून समजावणारा माणूस आपल्या या भागात बसला होता. टीका या शब्दाला आज दोष काढण्याचा अर्थ चिकटला आहे. मूळ अर्थ आहे अडलेल्याला वाक्य उलगडून देणे. अंबाजोगाईचे मानले जाणारे मुकुंदराज आणि गोदाकाठच्या आपेगावचे ज्ञानदेव यांनीही हेच केले: जे मूठभरांच्या भाषेत होते ते आपल्या भाषेत उलगडून दिले. मराठवाड्याची मराठी अशा उलगडण्यातून मोठी झाली. तिला ग्रेडियंट आणि कर्ल उलगडता येणार नाहीत असे कोणी म्हटले तर मला ते पटत नाही.

आता विद्यार्थ्याला, प्रश्न कसा विचारावा ते. वर्षानुवर्षे मुलांच्या वह्या पाहून मला जे कळले ते असे. गणित संपूर्ण लिहा, आकृतीसह, आपल्या हाताने. आकृती काढताना निम्म्या अडचणी आपोआप उघड होतात. अक्ष कुठे, लंब कोणत्या दिशेला, वाट कोणत्या बाजूने फिरायची, हे बाणांनी दाखवा. मग केलेले सगळे प्रयत्न राहू द्या, खोडू नका. शेवटी एका ओळीत लिहा: मला अमुक अपेक्षित होते, कारण अमुक, मिळाले तमुक. ही ओळ लिहिता आली तर प्रश्न तयार झाला. ती लिहिता येत नसेल तर सरांकडे जायच्या आधी अजून थोडे बसा.

विचारायला जाण्याआधी चार गोष्टी तपासून पाहा. एककांचा मेळ बसतो का? उत्तर फार दूरच्या अंतराला आणि फार जवळच्या अंतराला शहाण्यासारखे वागते का? गणितात जी सममिती आहे ती उत्तरात दिसते का? आणि वापरलेले सूत्र प्रत्येक बिंदूवर चालते का? चौथी गोष्ट त्या मुलीने मला शिकवली असे म्हटले तरी चालेल.

एक पाचवी गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिथे चांगली चांगली मुले घसरतात. गोलीय सहनिर्देशकांत 'बाहेरची दिशा' ही प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. धारूरला उभे राहून 'वर' म्हटले आणि मुंबईला उभे राहून 'वर' म्हटले, तर त्या दोन दिशा समांतर नसतात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यांच्यात सुमारे ३ अंशांचा कोन असतो. जागा बदलली की दिशेचा बाणही वळतो, म्हणून त्याचेही विकलन करावे लागते. एक्स, वाय, झेड अक्षांची सवय झालेली मुले हे पद गाळतात आणि मग पुस्तकातल्या सूत्रात जादा पदे आली कुठून म्हणून हैराण होतात. ती पदे या वळण्यातून आली आहेत.

शिकवणाऱ्यांनाही एक विनंती. मूल वही घेऊन आले की पेन आपल्या हातात घेऊ नये. तो मोह मोठा असतो, घड्याळही समोर असते. पण आपण दहा ओळी सरसर लिहून दिल्या की मूल "कळलं सर" म्हणून जाते आणि पुढच्या गणितात त्याच जागी पुन्हा उभे राहते. "अडलं कुठे?" एवढे विचारावे आणि थांबावे. ते थांबणे त्या मुलाला अपमानाचे वाटू नये याची काळजी आपली. आणि वर्गात कोणी हसले, तर त्या दिवशी पुढचा भाग शिकवला नाही तरी चालेल, पण त्या हसण्याचा निकाल लावावा. एका हसण्याने किती वर्षे गप्प बसवता येते ते मी पाहिले आहे.

या पुस्तिकेत मोजकीच गणिते आहेत. घाटाचा चढ, वाफ्यांचा हिशेब, पाटातले पान, दुरडीचा काठ, टांगलेला दिवा, आणि मग विद्युतभार, तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र, मॅक्सवेलची समीकरणे अशा क्रमाने ती चढत जातात. प्रत्येक गणिताचे उत्तर शेवटी दिले आहे, पण पूर्ण सोडवणूक काहींचीच. ज्यांची दिली आहे तिथेही विद्यार्थी सहसा कुठे थबकतात ती ओळ मुद्दाम ठळक छापली आहे. परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या सगळ्या प्रकारांचा संग्रह यात मिळणार नाही. त्यासाठी पाठ्यपुस्तके आहेत आणि ती वाचलीच पाहिजेत. ही पुस्तिका त्या पुस्तकांच्या शेजारी ठेवायची आहे.

ज्या मुलामुलींच्या वह्यांतून ही गणिते निवडली त्यांची नावे इथे लिहिलेली नाहीत, पण त्यांच्या खाडाखोडीवाचून हे लिखाण झाले नसते. ऊसतोडीहून आल्यावर हुकलेले अर्धे वर्ष दोन महिन्यांत भरून काढणाऱ्या मुलांचे मी विशेष ऋण मानतो. घाट उतरून तेलगाव, माजलगाव, पुढे संभाजीनगर, पुणे इथे शिकायला गेलेली काही जण अजून अडलेली गणिते कागदावर लिहून पाठवतात. त्यांतली दोन मला अजून सुटलेली नाहीत. ती शेवटच्या पानावर, उत्तराशिवाय, दिली आहेत.

प्रत्येक गणिताखाली अर्धे पान कोरे सोडले आहे आणि त्यावर एकच ओळ छापली आहे: 'मी इथे अडले / अडलो.' छापताना कागद वाचवावा म्हणून ही जागा काढून टाकावी असे सुचवले गेले होते. मी ती ठेवली. ती मुलगी परत जाताना आपल्या वहीच्या डाव्या पानावर, भागाकाराच्या त्या ओळीसमोर, पेन्सिलने एक छोटे वर्तुळ काढून गेली होती. उत्तर तिने वहीत लिहिलेच नाही. ते तिला पाठ करावे लागणार नव्हते. तुमच्या कोऱ्या पानावरही असे एक वर्तुळ असू द्या, आणि मग ते घेऊन कोणाच्या तरी दारात उभे राहा.

धारूर,
गुढीपाडवा